मराठी मीडियमवाल्यांसाठी आयल्ट्सची तयारी: फॉर्म भरण्याआधीपासून रिझल्टपर्यंत

बाहेर शिकायला किंवा नोकरीला जायचं ठरलं की आयल्ट्स ही इंग्लिशची परीक्षा समोर येतेच, आणि मराठी मीडियममधून आलेल्या मुलामुलींचं साधारण काय होतं ते मी इतक्या वेळा बघितलंय की आता आधीच सांगता येतं. लिसनिंग आणि रीडिंग दोनेक महिन्यांत वर येतं. भीती सगळ्यात जास्त स्पीकिंगची असते पण तिथे निभावून जातं. आणि रायटिंग ५.५ बँडवर (बँड म्हणजे नऊपैकी मार्क) अडकून बसतं, ज्याच्याकडे तयारीच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत कोणी नीट बघितलेलंच नसतं. त्यामुळे या लेखात रायटिंगला मुद्दाम झुकतं माप दिलंय, बाकीच्या गोष्टी गरजेपुरत्या आहेत.

आधी कुठली परीक्षा आणि किती बँड ते नक्की करा

आयल्ट्सचे दोन प्रकार, अकॅडमिक आणि जनरल ट्रेनिंग. युनिव्हर्सिटीत ॲडमिशन हवी असेल तर अकॅडमिक, कॅनडाच्या एक्सप्रेस एंट्री या इमिग्रेशनच्या मार्गाने पीआर, म्हणजे तिथे कायम राहायची परवानगी, हवी असेल तर जनरल. लिसनिंग आणि स्पीकिंग दोन्हींत सारखंच, रीडिंग आणि रायटिंगचा टास्क १ वेगळा. यूकेच्या काही व्हिसांना यूकेव्हीआय (यूकेचं व्हिसा खातं) नावाची वेगळी आयल्ट्स बुक करावी लागते, पेपर तोच असतो पण बुकिंग वेगळं, आणि चुकून साधी दिली तर व्हिसाला ती चालत नाही. म्हणून युनिव्हर्सिटीच्या किंवा इमिग्रेशनच्या अधिकृत पानावर काय लिहिलंय ते स्वतः वाचा. मावसभावाच्या मित्राने तीन वर्षांपूर्वी काय केलं त्यावर जाऊ नका, नियम सारखे बदलतात. कॅनडाची एसडीएस ही स्टुडंट व्हिसाची स्कीम नोव्हेंबर २०२४ मध्ये बंद झाली तरी तिचे जुने व्हिडिओ बघून अजून लोक प्लॅन करतायत.

बँड बघताना ओव्हरऑल आणि प्रत्येक मॉड्यूल, म्हणजे परीक्षेच्या चार भागांपैकी प्रत्येक, असं दोन्ही बघा, इथेच बरेच जण फसतात. समजा अट आहे ओव्हरऑल ६.५ आणि कशातही ६ च्या खाली नको. तुम्हाला लिसनिंगला ७.५, रीडिंगला ७, रायटिंगला ५.५ आणि स्पीकिंगला ६ मिळाले. बेरीज २६, भागिले ४, ओव्हरऑल बरोबर ६.५, घरी पेढे वाटून झाले, आणि तरीही ॲडमिशन नाही कारण रायटिंग ५.५. सरासरी .२५ वर आली तर वरच्या अर्ध्या बँडला जाते आणि .७५ वर आली तर वरच्या पूर्ण बँडला, म्हणजे ६.२५ चे ६.५ होतात, पण ही मेहेरबानी फक्त ओव्हरऑलला. यूकेत नर्स म्हणून रजिस्ट्रेशन करायचं असेल तर एनएमसीला, म्हणजे तिथल्या नर्सिंग कौन्सिलला, लिसनिंग, रीडिंग, स्पीकिंगमध्ये प्रत्येकी ७ आणि रायटिंगमध्ये ६.५ लागतात. कॅनडाच्या एक्सप्रेस एंट्रीसाठी ज्याला सीएलबी ९ म्हणतात (सीएलबी म्हणजे कॅनडाची भाषेची पातळी मोजायची पट्टी) त्याला लिसनिंग ८ आणि बाकी तिन्ही ७. तुमचे हे चार आकडे कागदावर लिहून टेबलासमोर चिकटवा, रोजचा अभ्यास कशाला किती द्यायचा ते त्यावरूनच ठरेल.

नर्सिंगवाल्यांनी ओईटी या आरोग्यक्षेत्रातल्या लोकांसाठीच्या इंग्लिश परीक्षेचा पण विचार करावा, त्यात विषय दवाखान्यातलेच असतात त्यामुळे ज्यांनी वॉर्डमध्ये काम केलंय त्यांना ती जवळची वाटते.

पासपोर्ट नसेल तर आजच अर्ज करा. भारतात आयल्ट्सला ओळखपत्र म्हणून पासपोर्टच लागतो, आधार चालत नाही. सर्टिफिकेट दोन वर्षं चालतं, म्हणजे फार आधी देऊनही उपयोग नाही.

क्लास लावण्याआधी एक पूर्ण पेपर सोडवा

केंब्रिजची जुन्या पेपरांची अधिकृत पुस्तकं मिळतात, पुण्यात असाल तर अप्पा बळवंत चौकात सहज मिळतील, आणि आयल्ट्सच्या साइटवर फुकट सँपल पेपर आहेत. एक रविवार काढा, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा, आणि लिसनिंग, रीडिंग, रायटिंग सलग द्या, मध्ये चहा नाही. खऱ्या परीक्षेत या तिघांमध्ये ब्रेक नसतो, जवळजवळ पावणेतीन तास बसायचं असतं, त्याचा अंदाज पण येईल.

मग मार्क मोजा. लिसनिंगमध्ये ४० पैकी साधारण २३ बरोबर म्हणजे बँड ६, ३० म्हणजे ७, ३५ म्हणजे ८. अकॅडमिक रीडिंगचंही जवळपास तसंच. जनरलचं रीडिंग सोपं असतं म्हणून तिथे मोजमाप कडक, ३० ला ६ आणि ३४ ला ७. पेपरनुसार एखादा मार्क इकडेतिकडे होतो.

पहिल्याच पेपरात रीडिंगला १५ च्या खाली आलात तर सरळ सांगतो, लगेच आयल्ट्सच्या पेपरांमागे लागू नका. आधी दोन-तीन महिने साधं इंग्लिश वाचा, ऐका, बीबीसी लर्निंग इंग्लिशचे छोटे कार्यक्रम ऐका, पेपरातली एक बातमी रोज पूर्ण वाचा. पेपर सोडवून सोडवून पेपरची सवय होते, भाषा येत नाही. फी पंधरा हजारांच्या वर आहे, घाईत घालवू नका.

लिसनिंग

चार भाग, ४० प्रश्न, साधारण अर्धा तास, आणि ऑडिओ एकदाच वाजतो. पहिला भाग दोघांचं बोलणं, कोणीतरी हॉलचं बुकिंग करतंय वगैरे, आणि तुम्ही फॉर्म भरताय. इथे दहापैकी दहा यायला हवेत आणि जातात ते स्पेलिंग आणि आकड्यांत. आपण मराठीत पंचवीस, बत्तीस म्हणताना एकक आधी आणि दशक नंतर म्हणतो, त्यामुळे इंग्लिश आकडा ऐकून मनात मराठी करायची सवय असेल तर अंक उलटे पडतात. फोन नंबरमध्ये शून्याला 'ओ' म्हणतात, 'डबल सेव्हन' म्हणतात, आणि थर्टीन-थर्टीमधला फरक जोर कुठे दिलाय त्यावर कळतो. ए आणि ई, जी आणि जे यांत पण गडबड होते. रोज दहा मिनिटं कोणाला तरी नावं स्पेल करायला सांगा आणि तुम्ही लिहा, भावंडं असतील तर त्यांना कामाला लावा.

दुसरी गोष्ट म्हणजे आधी एक सांगून मग बदलतात. 'मंगळवारी भेटू... नाही थांबा, मंगळवारी मी बाहेर आहे, गुरुवारी.' पहिला शब्द लिहून पेन खाली ठेवणारा गेला. आणि प्रश्नावर लिहिलेलं असतं की दोनपेक्षा जास्त शब्द नको, तर तिसरा शब्द लिहिला की बरोबर उत्तर पण चूक. अनेकवचनाचा एस सुटला तरी चूक.

सुधारायचा सगळ्यात खात्रीचा मार्ग कंटाळवाणा आहे. चौथ्या भागाचं, म्हणजे लेक्चरचं, दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग घ्या, थांबवत थांबवत शब्द न शब्द लिहून काढा, मग पुस्तकाच्या मागच्या ट्रान्सक्रिप्टशी ताडून बघा. जिथे सुटलं तिथे तुम्हाला शब्द माहीतच नव्हता, की माहीत होता पण बोलताना तो गिळला गेला होता, हे बाजूला लिहा. बहुतेक वेळा दुसरंच निघतं. पंधरा-वीस दिवस रोज हे केलं की कान उघडतो, नुसते पेपर सोडवून नाही उघडत.

रीडिंग

६० मिनिटं, ४० प्रश्न, अकॅडमिकला तीन मोठे उतारे. उत्तरं भरायला वेगळा वेळ मिळत नाही. पहिल्या उताऱ्याला पंधरा-सोळा मिनिटं, दुसऱ्याला वीस, उरलेली तिसऱ्याला, कारण तिसरा अवघडच असतो. सगळं शब्द न शब्द वाचायला गेलात तर तिसरा राहतो, म्हणून प्रत्येक परिच्छेदाचं पहिलं वाक्य वाचून कशाबद्दल आहे ते मनात ठेवायचं आणि मग प्रश्नांकडे जायचं.

खरा त्रास ट्रू, फॉल्स, नॉट गिव्हनचा. मराठीतच उदाहरण देतो म्हणजे डोक्यात बसेल. समजा उताऱ्यात लिहिलंय: 'डेक्कन क्वीन १ जून १९३० ला सुरू झाली आणि या गाडीला डायनिंग कार आहे.' आता तीन विधानं. 'ही गाडी स्वातंत्र्याच्या आधीपासून धावतेय', हे ट्रू, शब्द वेगळे आहेत पण अर्थ तोच निघतो. 'या गाडीत जेवणाचा डबा नाही', हे फॉल्स, उतारा याच्या उलट सांगतो. 'डायनिंग कारमुळे प्रवासी ही गाडी पसंत करतात', हे नॉट गिव्हन. तुम्हाला स्वतःला माहितीये की तिथलं ऑम्लेट खायला लोक मुद्दाम जातात, तरीही नॉट गिव्हन, कारण प्रवासी काय पसंत करतात याबद्दल उताऱ्यात एक अक्षर नाही. हुशार मुलं इथेच जास्त चुकतात कारण ती स्वतःचं ज्ञान मध्ये आणतात. फॉल्स लिहायच्या आधी स्वतःला विचारा, याच्या उलट सांगणाऱ्या वाक्यावर मी बोट ठेवू शकतो का? नाही ठेवता आलं तर नॉट गिव्हन.

चुकलेल्या उत्तरांची एक वही करा, आणि नुसतं बरोबर उत्तर न लिहिता प्रश्नातला शब्द आणि उताऱ्यातला त्याचा जोडीदार शब्द समोरासमोर लिहा. रीडिंगची सगळी परीक्षा या जोड्यांवर चालते, आणि शब्दसंग्रह वाढतो तो पण असाच, पाचशे शब्दांची पीडीएफ पाठ करून नाही.

रायटिंग: इथे थांबा

६० मिनिटं, दोन टास्क. टास्क १ किमान १५० शब्द, टास्क २ किमान २५० शब्द, आणि टास्क २ ला दुप्पट वजन. वीस मिनिटं आणि चाळीस मिनिटं अशी वाटणी, यात तडजोड नको. तपासताना चार गोष्टींना सारखे मार्क: विचारलेलं नीट लिहिलंय का, मांडणी सलग आहे का, शब्द योग्य आहेत का, व्याकरण किती विविध आणि किती बिनचूक आहे. 'भारी शब्द' असा रकाना त्यात नाही हे कृपया लक्षात ठेवा.

अकॅडमिकच्या टास्क १ मध्ये तक्ता किंवा ग्राफ असतो. समजा महाबळेश्वर आणि सोलापूरचा महिन्यागणिक पाऊस दिलाय. बहुतेक जण जानेवारीपासून सुरू करतात आणि डिसेंबरपर्यंत चोवीस आकडे वाचून दाखवतात. असं करू नका. सुरुवातीला ग्राफ कशाचा आहे ते स्वतःच्या शब्दांत एका वाक्यात, आणि लगेच ओव्हरव्ह्यू: महाबळेश्वरचा जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये पडतो, आणि सोलापूरचा पाऊस त्यामानाने फारच कमी. एकही आकडा नाही, पण ग्राफ न बघितलेल्या माणसालाही चित्र कळतं. हा ओव्हरव्ह्यू नसेल तर बाकी कितीही चांगलं लिहा, बँड वर जायला अडतो. त्यानंतर दोन परिच्छेदांत निवडक आकडे आणि तुलना. पाऊस का पडतो, सह्याद्री वगैरे, ते लिहायचं नाही, कारणं विचारलेली नसतात. जनरलवाल्यांना पत्र असतं, त्यात तीन मुद्दे दिलेले असतात, तिन्ही घ्यायचे, आणि मित्राला लिहिताय की मॅनेजरला त्याप्रमाणे सुरुवात, शेवट आणि मधला सूर एकच ठेवायचा.

आता टास्क २. शाळेत आपल्याला निबंधाची सुरुवात 'आजच्या धावपळीच्या युगात' किंवा 'आजच्या विज्ञानयुगात' अशी करायला शिकवलंय आणि तीच सवय इंग्लिशमध्ये जशीच्या तशी उतरते, पहिली तीन वाक्यं कुठल्याही विषयाला चालतील अशी. परीक्षकाला त्यातून काहीच मिळत नाही. दुसरी सवय त्याहून महागात पडते, विषय बघून निबंध लिहायचा, प्रश्न बघून नाही.

उदाहरण घेऊ. प्रश्न असा: शहरांतली वाहतूक कोंडी कमी करायला सरकारने रस्ते रुंद करण्याऐवजी सार्वजनिक वाहतुकीवर पैसा खर्च करावा, तुम्ही कितपत सहमत आहात? मुलं काय लिहितात, तर सार्वजनिक वाहतुकीचे फायदे: प्रदूषण कमी, पेट्रोल वाचतं, गरिबांना परवडतं. सगळं खरं, पण प्रश्नात दोन शब्द आहेत ज्यांना हातच लागला नाही, 'कोंडी' आणि 'ऐवजी'. गरिबांना परवडण्याचा कोंडीशी संबंध लावून दाखवला नाही आणि रस्ते रुंद करणं का पुरेसं नाही हे कुठेच आलं नाही. निबंध इंग्लिश म्हणून बरा, उत्तर म्हणून अर्धवट.

मी सांगतो ते असं करा. पहिली पाच-सहा मिनिटं लिहायचं नाही. प्रश्नातले महत्त्वाचे शब्द टिपून घ्या, स्वतःचं मत एका वाक्यात ठरवा, मग फक्त दोन मुद्दे निवडा. प्रत्येक मुद्द्याचा एक परिच्छेद आणि त्याचा क्रम साधा: मुद्दा, का, उदाहरण, आणि परत प्रश्नाशी गाठ. वरच्या प्रश्नाला एक परिच्छेद असा होईल: रुंद केलेला रस्ता काही काळाने पुन्हा भरतो. कारण रस्ता मोकळा दिसला की आधी बसने जाणारे पण स्वतःची गाडी काढतात. पुण्यासारख्या शहरात फ्लायओव्हर होऊनही गर्दीच्या वेळी गाड्या तशाच उभ्या असतात. त्यामुळे फक्त रुंदीकरणावर खर्च केल्याने कोंडी पुढे ढकलली जाते, कमी होत नाही. चार वाक्यं, एकच विचार शेवटपर्यंत. दुसऱ्या परिच्छेदात मेट्रो किंवा मुंबईची लोकल घेऊन तेवढ्याच जागेत कितीतरी जास्त माणसं कशी जातात ते. सुरुवातीला दोन वाक्यांत विषय आणि मत, शेवटी दोन वाक्यांत मत परत. झाला निबंध, साधारण २७० शब्दांचा.

उदाहरण खोटं बनवू नका. 'ऑक्सफर्डच्या सर्व्हेनुसार ८५ टक्के लोक' असलं काहीतरी ठोकून द्यायला बऱ्याच ठिकाणी शिकवतात आणि ते वाचताना लगेच कळतं. तुमच्या गावातलं, कॉलेजातलं खरं उदाहरण जास्त चांगलं उतरतं कारण त्याबद्दल तुम्हाला नेमकं लिहिता येतं. पाठ केलेले टेम्प्लेट पण तसेच, परीक्षकांना ते ओळखायचं ट्रेनिंगच असतं, आणि पाठ केलेल्या भारी वाक्यानंतर तुमचं स्वतःचं वाक्य आलं की तो सांधा उघडा पडतो.

व्याकरणात मराठीभाषकांच्या चुका ठरलेल्या आहेत आणि ही आनंदाची गोष्ट आहे कारण यादी छोटी आहे. 'मी पाच वर्षांपासून पुण्यात राहतोय' हे मनात ठेवून 'आय ॲम लिव्हिंग इन पुणे सिन्स फाइव्ह इयर्स' लिहिलं जातं, हवं ते 'आय हॅव बीन लिव्हिंग इन पुणे फॉर फाइव्ह इयर्स'. ए आणि द मराठीत नाहीत म्हणून एक तर गाळले जातात किंवा सगळीकडे 'द सोसायटी', 'द पीपल' घुसतं. 'डिस्कस अबाउट' मधला अबाउट आणि 'रिटर्न बॅक' मधला बॅक काढून टाका. ही, शी, इटच्या पुढे क्रियापदाला एस. स्वतःच्या निबंधांत यातलं काय वारंवार येतं ते शोधा आणि शेवटच्या तीन मिनिटांत फक्त तेवढंच तपासा, सगळं तपासायला वेळ नसतो.

आता बहुतेक जण परीक्षा कॉम्प्युटरवरच देतात. शब्द किती झाले ते स्क्रीनवर दिसतं, पण स्पेलचेक नसतो. ज्यांनी सगळं आयुष्य फोनवर टाइप केलंय त्यांनी खऱ्या कीबोर्डवर रोज अर्धा तास बसा, टायपिंग हळू असेल तर चाळीस मिनिटांत विचार करायला वेळच उरत नाही. आणि लिहिलेलं कोणाला तरी दाखवा, इंग्लिश नीट जाणणाऱ्या कोणालाही, आणि त्यांना एवढंच विचारा की प्रश्नाचं उत्तर मिळालं का. तोच निबंध चुका सुधारून दुसऱ्यांदा लिहा. दहा विषयांवर एकेकदा लिहिण्यापेक्षा पाच विषयांवर दोनदा लिहिलेलं जास्त कामाला येतं.

स्पीकिंग

११ ते १४ मिनिटं, समोर खरा माणूस, प्रत्यक्ष किंवा व्हिडिओ कॉलवर. पहिल्या भागात घर, काम, आवडीनिवडी. दोन-तीन वाक्यांत उत्तर द्या, एका शब्दात नको. दुसऱ्या भागात कार्ड मिळतं, एक मिनिट विचार करायला आणि एक ते दोन मिनिटं बोलायला. तिसऱ्यात त्याच विषयावर जरा खोल प्रश्न.

कार्डावर बहुतेक जण चाळीस सेकंदांत संपतात कारण ते मोठं काहीतरी शोधत बसतात. 'तुम्हाला काही शिकवणाऱ्या व्यक्तीबद्दल सांगा' असं आलं तर आजीने भाकरी थापायला कशी शिकवली ते सांगा. पीठ किती कोमट पाण्यात मळलं, पहिली भाकरी उचलताना फाटली, आजी काय म्हणाली, आज तुम्हाला जमते का. भाकरीला इंग्लिश शब्द शोधू नका, ज्वारीच्या पिठाची चपटी पोळी असं साध्या इंग्लिशमध्ये समजावून सांगा, असं समजावता येणं ही सुद्धा भाषेची ताकद आहे आणि तिचे मार्क मिळतात.

ॲक्सेंट बदलायचा प्रयत्न करू नका, मराठी वळणाच्या इंग्लिशचे मार्क कापत नाहीत, समजायला त्रास झाला तरच कापतात. त्रास होतो तो थोड्याच जागी. व्ही म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला लावा, डब्ल्यू म्हणताना ओठ गोल करा आणि दात लावू नका. लिव्ह आणि लीव्ह यात लांबी दाखवा. 'डेव्हलप' मध्ये जोर दुसऱ्या तुकड्यावर येतो, आपण पहिल्यावर देतो. फोनवर स्वतःचं दोन मिनिटं रेकॉर्ड करून दुसऱ्या दिवशी ऐका, ऐकायला लाज वाटते पण करा. प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारा, चालतं.

आणि कृपया रोज बोला. कोणी पार्टनर नसेल तर स्वयंपाक करताना, गाडी चालवताना स्वतःशी. घरचे हसतील पहिले दोन दिवस, नंतर सोडून देतात.

वेळापत्रक

नोकरी करत असाल आणि पहिल्या पेपरात सगळीकडे ५.५ च्या आसपास असाल तर ६.५ साठी रोज दोन तास धरून तीन महिने धरा. आठवड्यात तीन दिवस रायटिंग, रोज अर्धा तास ऐकणं, एक दिवसाआड एक रीडिंग उतारा वेळ लावून, रोज दहा मिनिटं बोलणं. पूर्ण पेपर पहिले दोन महिने पंधरा दिवसांतून एक, शेवटच्या महिन्यात आठवड्याला एक. तारीख तेव्हाच बुक करा जेव्हा घरी लागोपाठ दोन-तीन पेपरांत हवा तो बँड येतोय, पण ॲडमिशनच्या डेडलाइनच्या दोन महिने तरी आधीची, म्हणजे पुन्हा द्यायची वेळ आली तर जागा राहते.

परीक्षेचा दिवस आणि नंतर

बुकिंग केलं तोच पासपोर्ट न्या, मध्ये रिन्यू झाला असेल तर सेंटरला आधी कळवा. घड्याळ, फोन आत नेता येत नाही. बाहेरगावहून येणार असाल, म्हणजे सांगली-साताऱ्याहून पुण्याला किंवा अमरावतीहून नागपूरला, तर आदल्या रात्रीच पोचा, सकाळची एसटी चुकली तर पैसे जातात. स्पीकिंग त्याच दिवशी असेल असं नाही, वेळ आलेल्या मेलमध्ये बघा.

रिझल्ट आला आणि एकाच मॉड्यूलमध्ये अर्धा बँड कमी पडला तर दोन मार्ग. एक, फेरतपासणी, सहा आठवड्यांच्या आत मागता येते, फी भरावी लागते आणि मार्क बदलले तर ती परत मिळते. लिसनिंग-रीडिंगची उत्तरं ठरलेली असतात त्यामुळे तिथे फारसं बदलत नाही, रायटिंग आणि स्पीकिंगमध्ये, तेही बाकीचे बँड खूप वर आणि एकच खाली असेल तेव्हा, विचार करण्यासारखं असतं. दुसरा मार्ग वन स्किल रीटेक, कॉम्प्युटरवर परीक्षा दिली असेल तर मूळ परीक्षेपासून ६० दिवसांच्या आत फक्त एक मॉड्यूल पुन्हा देता येतं. पण सगळ्या युनिव्हर्सिटी आणि सगळे व्हिसा ते धरत नाहीत, म्हणून पैसे भरण्याआधी ॲडमिशन ऑफिसला एक मेल टाका आणि त्यांचं उत्तर लेखी घ्या.